वाघजाईचं अपील

“सुमेधदादा, तू त्या आठ नंबरला मारलंस काय?”

हे मी विचारलं तेव्हा माझ्या एका हातात चहाची किटली होती, दुसऱ्या हातात कागदी कपांची चवड होती आणि एक पाय वाघजाई तालमीच्या उंबऱ्याच्या आत होता. आत कुस्तीच्या हौद्याच्या कडेकडेनं पेठेतली झाडून सगळी पुरुषमंडळी बसली होती. त्यात माझे बाबा. इतका वेळ चाललेला गलका असा थांबला, की बाहेर कट्ट्यावर बसलेल्या जोयाला लागलेली उचकी मला आत ऐकू आली.

प्रश्न खरं तर तिचाच होता. विचारायची हिंमत नाही तुझ्यात, असं म्हणून तिनं आणि समृद्धीनं, माझ्या दोघी मैत्रिणींनी, तो माझ्या गळ्यात घातला होता. मी तेव्हा नववीत होते. आदल्याच महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते आणि आपल्याला तोंड आहे, ते उघडलं की समोरचे लोक ऐकून घेतात, हा शोध मला नुकताच लागला होता. घरी, शाळेत, रिक्षात, जिथं जाईन तिथं मी बोलत होते. पण तालमीत कुणी मुलगी बोलल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला पटत नाही, पण आमच्याकडं तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. तालमीचा फुटबॉल संघ असतो, आणि पेठेत जन्मलेला प्रत्येक जण आपोआप त्या संघाचा होतो. आमचे रंग पिवळा-काळा. माझं बाळपणीचं टोपडंसुद्धा पिवळं-काळं होतं. आईनं माहेरच्या हौसेनं विणलेलं गुलाबी टोपडं बाबांनी बारशालाच घडी करून कपाटात ठेवलं होतं.

आणि सुमेध जांभळे हा आमचा दहा नंबर. दिवसा उद्यमनगरात लेथवर उभा राहायचा, पहाटे आणि संध्याकाळी मैदानावर. त्याच्या डाव्या पायाला बॉल चिकटायचा. मी लहान असल्यापासून गॅलरीत बाबांच्या शेजारी बसून त्याला बघत आले. तो बॉल घेऊन निघाला, की शेजारचा माणूस बोलायचा थांबायचा, हातातली भेळ तशीच हातात राहायची. त्या वर्षी गोव्यातल्या एका क्लबचा कोच फायनलला त्याला बघायला येणार होता. साऱ्या पेठेला हे ठाऊक होतं. त्याच्या आईनं तर बॅग आणून ठेवली होती.

बुधवारी सेमीफायनल झाली, बुरूज तालमीशी. आम्ही दोन-एकनं पुढं होतो. आमचा कॉर्नर झाला, त्यांच्या गोलकीपरनं बॉल ठोसा मारून लांब उडवला आणि सगळं स्टेडियम बॉलच्या मागं वळलं. मीही वळले. शिट्टी वाजली म्हणून मान परत फिरवली, तर गोलसमोर बुरूजचा आठ नंबर तोंड धरून गवतावर पडलेला, आणि त्याच्यापाशी सुमेधदादा उभा.

रेफ्री होत्या क्रांती शिंगटे मॅडम. आमच्या शाळेच्या पी.टी.च्या मॅडम. मोठ्या गटाच्या मॅचवर त्यांचं ते पहिलंच वर्ष. त्या पळत आल्या, गराडा घालू पाहणाऱ्या खेळाडूंना हातानं लांब थांबवलं, मागच्या खिशातून लाल कार्ड काढलं आणि हात वर केला. आमच्या गॅलरीतून पाण्याचे पाऊच सुटले. एक त्यांच्या खांद्यावर फुटला. शर्ट भिजला, पण हात होता तिथंच राहिला. सुमेधदादा बाहेर जायला वळेपर्यंत तो हात खाली आला नाही. मी ओरडत होते, शिव्या सोडून जे जे ओरडता येतं ते सगळं. आणि ओरडता ओरडताच माझ्या मनात आलं, की एवढी माणसं अंगावर येत असताना माझा हात असा राहिला असता का?

दहा जणांत आम्ही ती मॅच राखली. पण लाल कार्ड म्हणजे पुढच्या मॅचला बाहेर. आणि पुढची मॅच रविवारची फायनल.

एकच वाट होती. संघटनेच्या शिस्त समितीकडं शुक्रवारपर्यंत अपील करायचं. त्यासाठी पुरावा आमच्या पिंटूकाकांकडं होता. बाबांचे हे मित्र अख्खी मॅच मोबाईलच्या पडद्यातूनच बघतात. सगळे बॉलकडं बघत असताना त्यांचा मोबाईल चुकून गोलसमोरच राहिला होता. त्यात स्पष्ट दिसत होतं, की सुमेधदादाचं कोपर फिरलं, पण आठ नंबरच्या गालाला लागलंच नाही. कोपर आणि गाल यांच्यात चांगलं चार बोटांचं अंतर होतं. तो गडी उगाच तोंड धरून पडला होता.

झालं. बुधवार संध्याकाळपासून पेठेत दुसरा विषय नाही. दूधवाला चरवीवर चार बोटं आडवी धरून दाखवायचा. न्हावी गिऱ्हाईकाच्या गालापाशी कोपर नेऊन दाखवायचा. आमच्या घरी बाबांनी आईला शेगडीपाशी उभं करून दाखवलं, तेव्हा आई म्हणाली, “ते कोपर तेवढं लांब ठेवून दाखवा, उलथणं हाय माझ्या हातात.”

गुरुवारी शाळेत मॅडम नेहमीसारख्या आल्या. नेहमीसारखं आम्हाला मैदानाभोवती पळवलं. आम्ही पुढं तोंड करून पळतो त्याहून त्या उलट्या पावलांनी मागं पळतात ते जास्त वेगानं, हे आम्ही रोज बघत होतो. शेवटी समृद्धीला राहवलं नाही.

“मॅडम, काल पाऊच लागला तुम्हाला.”

“पाण्याचा होता. वाळला.”

“पण मॅडम, ते कार्ड...”

“मैदानातलं मैदानात. चला, अजून एक फेरी.”

एवढंच. शाळा सुटल्यावर आम्ही तिघी घरी निघालो. जोया मुल्लाणी आमच्याच गल्लीतली, पेठेत कोण काय बोललं ते सगळं तिला पाठ.

“अर्जात दुसरं पण कलम घातलंय,” ती म्हणाली. “रेफ्री अनुभवी नाही, तिला मोठ्या मॅचवर पुन्हा घालू नये. पिंटूकाकांचा हट्ट आहे. बाईमाणसाला काय दिसतंय एवढ्या गर्दीत, म्हणत होते.”

कार्ड रद्द व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. पण त्यासाठी मॅडमांची शिट्टी जावी, असं वाटत नव्हतं.

“सगळी चार बोटं चार बोटं करत सुटल्यात,” जोया पुढं म्हणाली. “सुमेधदादाला कुणी विचारलंय का?”

“त्याला काय विचारायचं? आपलाच की तो.”

“म्हणून तर.”

इथं आमच्या तालमीची तेव्हाची एक रीत सांगायला हवी. आपल्या खेळाडूला आपण कधी विचारत नाही. मैदानात काहीही होवो, तो बाहेर आला की त्याच्या पाठीवर हात टाकायचा, टॉवेल द्यायचा. तुझं चुकलं का, असं विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. दत्तूनाना, आमच्या तालमीचे अध्यक्ष, पोरांना हेच शिकवत आले होते. त्यामुळं पेठेतल्या प्रत्येक माणसानं त्या कोपराबद्दल मत दिलं होतं, फक्त कोपर ज्याचं होतं त्याचं मत कुणाला माहीत नव्हतं.

“तूच विचार की मग,” मी जोयाला म्हटलं.

“मी कशाला? बक्षीस तुला मिळालंय बोलायचं. हिंमत असंल तर सगळ्यांसमोर विचार. आज संध्याकाळी तालमीत बैठक आहे.”

“ती काय विचारतेय,” समृद्धी म्हणाली. “घोकलेलं भाषण वेगळं.”

ते मला झोंबलं.

“विचारतो,” मी म्हटलं. आमच्या कोल्हापुरात मुली ‘विचारतो’ असंच म्हणतात, आणि तसं म्हटलं की शब्दाला जरा वजनही येतं.

तालमीत शिरायला कारण लागतं. ते बाबांनीच दिलं. बैठकीला चहा आमच्या घरून जायचा होता, आणि किटली घेऊन मीच जाते असं मी इतक्या गोडीनं म्हटलं, की आईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

आम्ही तिघी आधी कट्ट्यावर बसून खिडकीतून ऐकत होतो. आत हौद्याची तांबडी माती नुकतीच पाणी मारून सारखी केलेली होती, तिच्यापलीकडं कोनाड्यात मारुती. नाना घोंगड्यावर, पुढ्यात अर्जाचा कागद.

“व्हिडिओ हाय म्हटल्यावर चर्चा कशाला?” बाबा म्हणत होते. “सरळ दिसतंय की.”

“दिसतंय, पण समितीला दिसायला पायजे. फेटाळलं तर नाक जाईल तालमीचं.” हा कोपऱ्यातून कुणाचा तरी आवाज.

“नाकाचं बघू नंतर. रविवारी दहा नंबर नसला तर गोल काय तुमचं नाक करणार?” पिंटूकाका म्हणाले. “चार बोटं, चार. मोजून घ्या.”

“कुणाची बोटं पण? तुझी का माझी? तुझी बोटं म्हणजे केळीचा घड.”

हशा पिकला. नानासुद्धा हसले. सुमेधदादा मात्र मुद्गलांच्या ढिगाशेजारी गुडघे जवळ घेऊन बसला होता. तो हसत नव्हता, बोलत नव्हता, हौद्यातल्या मातीकडं बघत होता. जो तो येता-जाता त्याच्या पाठीवर थाप मारत होता.

“मग ठरलं,” नाना म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

जोयानं मला कोपरानं ढोसलं. तिचं मात्र चांगलंच लागलं.

मी उंबऱ्यात गेले आणि विचारलं.

“केतकी,” बाबा म्हणाले. नुसतं नाव. पण त्या सुरात, ज्यात ते फक्त प्रगतिपुस्तक बघून नाव घेतात.

“ए पोरी, किटली ठेव आणि जा,” पिंटूकाका म्हणाले. “आपल्या माणसाला असलं विचारत्यात व्हय?”

मी किटली ठेवली. पण गेले नाही. पाय थरथरत होते, म्हणून चौकटीला टेकून उभी राहिले. लांबून ते मोठ्या ऐटीत उभं राहिल्यासारखं दिसलं म्हणे.

सुमेधदादानं मान वर केली. आधी माझ्याकडं बघितलं, मग नानांकडं.

“लागलं न्हाई त्याला,” तो म्हणाला. इतका वेळ न बोलल्यानं त्याचा आवाज बसला होता. “लागलं न्हाई. नेम चुकला माझा.”

“हेच की,” पिंटूकाका उसळले. “लागलंच न्हाई. आता तर खेळाडूनं स्वतः सांगितलं.”

“काका, लागलं न्हाई, पण लागावं म्हणूनच फिरवलं हुतं. त्यानं मान मागं घेतली म्हणून वाचला. न्हाईतर दात गेला असता त्याचा.”



“त्यो सारखा शर्ट ओढत असणार तुझा,” बाबा म्हणाले. बाबांना कारण पाहिजे होतं, कुठलंही.

“ओढत हुता. कोण ओढत न्हाई? ते कारण सांगून काय उपयोग, राजाभाऊ. बॉल तिथं नव्हताच. मी गडी बघून मारायला गेलतो.”

नानांनी पेन खाली ठेवलं नव्हतं. “सुमेध,” ते हळू म्हणाले, “गोव्याचा त्यो माणूस रविवारी येणाराय. एवढ्या लांब परत कधी यायचा न्हाई. कळतंय नव्हं तुला काय बोलतोयस?”

“कळतंय नाना.”

“मग गप बसला असतास तरी चाललं असतं.”

“गपच बसलो हुतो की. कालपासून वाट बघितली, कुणीतरी विचारंल म्हणून. सगळ्यांनी पाठीवर थाप मारली, विचारलं कुणीच न्हाई. आपणहून सांगायला माझी जीभ उचलली न्हाई.” त्यानं पुन्हा माझ्याकडं बघितलं. “हिनं विचारलं.”

पिंटूकाकांचा जीव अजून व्हिडिओत अडकला होता. “पण त्या बाईला हे काय दिसलं असणार? तिनं लागलं असं समजूनच कार्ड दिलं. चुकीच्या कारणानं दिलेलं कार्ड ते चुकीचंच.”

“न्हाई काका,” सुमेधदादा म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. “कार्ड दाखवल्यावर मी पण त्यांना म्हटलं, मॅडम, लागलं न्हाई. तर म्हणाल्या, ‘माहीत आहे मला. लागलं नाही तेही बघितलंय आणि मारायला गेलास तेही बघितलंय. लागलं नाही म्हणून सुटका होत नाही, तसा नियम नाही.’”



“म्हंजे,” कोपऱ्यातला तो मघाचा आवाज म्हणाला, “आपल्याला मोबाईल थांबवून थांबवून जी चार बोटं दिसली, ती त्या बाईला पळता पळता दिसली?”

“दिसली.”

“अवघड हाय,” तो म्हणाला. त्यात इतकं कौतुक होतं, की बाहेर खिडकीत समृद्धीनं टाळी वाजवली आणि लगेच हात मागं लपवले.

नानांनी अर्जाचा कागद उचलला, त्याची घडी घातली आणि माझ्या किटलीखाली सरकवली. किटली खालून थोडी गळत होती.

“चहा वाटा,” ते म्हणाले. “रविवारी पोरं दहा नंबरशिवाय खेळतील. आणि एक ध्यानात ठेवा. त्या बाईंच्या अंगावर एक जरी पाऊच गेला, तर ज्याचा असंल त्यानं तालमीत पाय ठेवायचा न्हाई.” मग माझ्याकडं वळले. “तू कुणाची गं?”

“माझी,” बाबा म्हणाले. रागानं की कशानं, मला त्या वेळी ओळखता आलं नाही.

चहा मीच वाटला. पहिला कप सुमेधदादाला दिला.

रविवारी फायनलला मॅडम लाईनवर होत्या, झेंडा घेऊन, नेमक्या आमच्या गॅलरीच्या बाजूला. सुमेधदादा आमच्यात बसला होता, बाबांच्या आणि माझ्या मधोमध, मांडीवर कुणाच्या तरी पोराची पिपाणी घेऊन. त्याच्या जागी खेळणाऱ्या पोराचं नाव घेऊन तो घसा फोडत होता. गोव्याचा कोच समोरच्या छपराखाली बसलेला दिसत होता. सुमेधदादानं तिकडं एकदाच बघितलं.

मॅच संपत आली तेव्हा आम्ही एका गोलनं मागं होतो आणि आमच्या पोरांनी बॉल जाळ्यात घातला. गॅलरी उठली. बाबांनी मला उचललं, नववीतल्या घोडीला. आणि मॅडमांचा झेंडा वर गेला. ऑफसाईड.

मग जे होतं ते होणारच होतं. माणसं जाळीला भिडली. पिंटूकाकांच्या हातात पाऊच होता, तो त्यांनी उगारलासुद्धा. आणि मग, कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही, पण एकेक मान वळायला लागली आणि सगळे सुमेधदादाकडं बघायला लागले. या वेळी त्यांना विचारायचं होतं.

“काय रं?” पिंटूकाका म्हणाले. “हुता काय?”

तो उठला नव्हता. बसूनच होता.

“हुता,” तो म्हणाला. “पाऊल पुढं हुतं. बरोबर दिलाय.”

पिंटूकाकांनी हातातल्या पाऊचकडं बघितलं, दातानं त्याचा कोपरा फोडला आणि पाणी पिऊन टाकलं. माणसं खाली बसली. मॅडम तोपर्यंत झेंडा खाली करून पुढच्या बॉलमागं पळायलाही लागल्या होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. मी मात्र शिट्टी होईपर्यंत बॉल बघितलाच नाही. मी त्यांनाच बघत होते.

आम्ही हरलो. गोव्याचा कोच दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन गेला. सुमेधदादा सोमवारी पुन्हा लेथवर उभा राहिला. आता मी बारावीत आहे आणि पेठेतली लहान पोरं त्याच्याकडं शिकतात. कुणी पडून तोंड धरलं, की तो आधी विचारतो, “लागलं का?”, आणि मग दुसऱ्याला विचारतो, “मारायला गेलतास का?” पेठेत आता हे दोन्ही प्रश्न विचारतात.

पण मला सांगायची आहे ती त्याच रविवारची संध्याकाळ. जिंकणार म्हणून आईनं सकाळीच तांबडा-पांढरा रस्सा करून ठेवला होता. हरलेल्या माणसांनी तो मुकाट्यानं वाढून घेतला. बाबांनी भाकरी कुस्करली आणि बराच वेळ नुसतीच कुस्करत राहिले.

“केतके,” ते शेवटी म्हणाले, “त्या दिवशी तू विचारलंस ते...”

“चुकलं का?”

“तसं न्हाई.” त्यांनी रश्श्याची वाटी माझ्याकडं सरकवली, त्यातली स्वतःची नळी माझ्या ताटात घातली. “मला सुचायला पायजे हुतं. एवढंच.”

आई हसली.

“पुढच्या वर्षी फिटंफाट करू,” बाबा म्हणाले. आता त्यांना घास जात होता. “सुमेध असंल, गॅलरी आपलीच असंल. तू आणि मी पुढच्या रांगेत बसायचं.”

मी हातातली नळी ताटात ठेवली.

“बाबा, आई, मी काय ठरवलंय ते सांगतो. पुढच्या वर्षीपासून मी आपल्या बाजूला बसणार नाही. बुरूजच्या बाजूला पण नाही, कुणाच्याच नाही. मी मैदानात असणार, मधे, शिट्टी घेऊन. क्रांती मॅडमना विचारून आलोय, उद्या सकाळपासून शिकायला ये म्हणाल्यात.”